जादूची पेटी कशी लावावी: नव्या जादूगारांसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

खेळ उत्तम बसलेला असतो, आरशासमोर शंभरदा करून झालेला असतो, आणि ऐन प्रयोगात मार्कर सापडत नाही. लाल पाठीच्या पत्त्यांच्या कॅटऐवजी निळा हातात येतो. रुमाल ओढला की त्याला अडकून भलतीच वस्तू टेबलावर पडते आणि पहिल्या रांगेतलं पोर ती उचलून सगळ्यांना दाखवतं. याचं मूळ पेटीच्या मांडणीत असतं, आणि ती मांडणी सुट्टीच्या एका दिवसात सुधारता येते.

नवे लोक सहसा पेटी वस्तूंच्या जातीप्रमाणे लावतात: पत्ते एका कप्प्यात, रुमाल दुसऱ्यात, दोऱ्या तिसऱ्यात. घरच्या कपाटाला ही पद्धत ठीक आहे. प्रयोगात मात्र एकाच खेळाला पत्ता, रुमाल आणि मार्कर तिन्ही लागतात, आणि लोकांसमोर तुम्ही तीन कप्पे धुंडाळत बसता. पेटी प्रयोगाच्या क्रमाने लावायची. खालच्या बहुतेक पायऱ्या याच एका गोष्टीतून निघतात.

एकट्याने, उभ्याने, एक टेबल घेऊन केलेला २० ते ४५ मिनिटांचा प्रयोग इथे गृहीत धरला आहे. कोणत्याही खेळाचं गुपित उघडं केलेलं नाही. गुप्त वस्तूचा उल्लेख आला तिथे नुसतं ‘गिमिक’ म्हटलं आहे. ते कोणतं, हे ज्याचं त्याला ठाऊक असतंच.

काय काय लागेल

- पेटी किंवा कडक तळाची बॅग
- दोन रंगांचा फोम: तळाला भडक रंगाचा पातळ थर (५ ते १० मि.मी.), वर काळा किंवा करडा जाड थर (३ ते ५ सें.मी.)
- कापडी थैल्या, निरनिराळ्या रंगांच्या, ८ ते १०
- झिप असलेल्या पारदर्शक पिशव्या, लहान आणि मध्यम
- रंगीत टिकल्या किंवा कापडी टेप
- लांब पात्याचा धारदार कटर, मोजपट्टी, जाड कागद
- ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या ५ ते १० ग्रॅमच्या पुड्या, ३ ते ४ (पेटीत ठेवायला)
- याद्यांसाठी जाड कार्ड आणि त्यावर प्लास्टिकचं आवरण

१. आधी कागद घ्या, पेटी नंतर

प्रयोगाचा क्रम लिहा. अर्ध्या तासात साधारण ५ ते ७ खेळ मावतात. दहा खेळ लिहिले असतील तर आधी तिथेच कात्री लावा. मग प्रत्येक खेळासमोर पाच गोष्टी लिहा:

- कोणत्या वस्तू लागतात, किती नग
- सुरुवातीला वस्तू कुठे असते (पेटी, टेबल, कोणता खिसा)
- ती कोणत्या हातात येते
- खेळ संपल्यावर ती कुठे जाते
- पुढच्या प्रयोगासाठी काय पुन्हा लावावं लागतं किंवा नवं घ्यावं लागतं

चौथा रकाना सगळ्यात जास्त जणांचा कोरा राहतो. वस्तू बाहेर कशी येईल यावर महिनोन्‌महिने विचार होतो, पण ती परत कुठे जाईल हे ठरलेलंच नसतं. मग तिसऱ्या खेळापर्यंत टेबलावर दोरी, कप, फाटका पत्ता आणि दोन रुमाल यांचा ढीग होतो आणि चौथ्या खेळाला हात ठेवायला जागा उरत नाही.

एक नमुना पाहा. खेळ: सही केलेला पत्ता. वस्तू: लाल कॅट १, मार्कर १. सुरुवात: कॅट टेबलावर उजवीकडे, मार्कर कोटाच्या आतल्या डाव्या खिशात. हात: कॅट डाव्या हातात, मार्कर उजव्या. शेवट: सही केलेला पत्ता प्रेक्षकाला भेट, कॅट पेटीतल्या परतीच्या पिशवीत (वापरून झालेलं टाकायची पिशवी, पायरी ७), मार्कर पुन्हा त्याच खिशात. पुन्हा लावणे: कॅटमधला तो पत्ता भरणे.

इतकं लिहिलं की एक गोष्ट लगेच दिसते: मार्कर पुढच्या खेळातही लागणार असेल तर तो पेटीत जाता कामा नये. असे अडथळे कागदावर सापडले तर फुकटात सुटतात.

२. जे या प्रयोगात नाही ते बाहेर

घेतलेलं सगळं सोबत नेण्याचा मोह होतो. ‘वेळ आलीच तर’ म्हणून ठेवलेले चार कॅट, दोन जादा गिमिक, अर्धवट बसलेला एखादा खेळ. गारुड्याच्या पोतडीतून काहीही निघावं ही प्रेक्षकांची समजूत असू द्या. तुमच्या पेटीत मात्र यादीबाहेरची वस्तू नको. अपवाद एकच: राखीव म्हणून एक पूर्ण बसलेला खेळ, जो कुठेही, कितीही लोकांसमोर, कोणत्याही तयारीशिवाय होतो. तो वेगळ्या थैलीत ठेवा.

३. पेटी निवडताना

आधी सगळ्या वस्तू जमिनीवर क्रमाने मांडा, त्या व्यापतात ती जागा मोजा, त्यात साधारण एक चतुर्थांश भर घाला आणि मग पेटी शोधा. उलट केलं तर पेटी भरण्यासाठी वस्तू घेतल्या जातात.

ॲल्युमिनियमच्या कडांची पेटी देखणी असते, पण स्वस्त नगांच्या बिजागऱ्या आणि कड्या लवकर ढिल्या होतात. जाड प्लास्टिकची, रबरी पट्टी असलेली पेटी पाणी आणि धूळ आत येऊ देत नाही. मात्र आत अडकलेला ओलावाही बाहेर जात नाही, म्हणून ओलसर रुमाल तिच्यात बंद करू नका. कारागिरांची हत्यारांची कापडी बॅग हलकी, खिसेवाली आणि स्वस्त पडते. सुरुवातीला तीच घ्या असं माझं मत आहे. तिचा तोटा एवढाच की वरून दाब आला तर आतलं चेंगरतं, त्यामुळे नाजूक वस्तू आतल्या आत एका कडक डब्यात ठेवाव्या लागतात.

दुकानात दोन गोष्टी करून पाहा. झाकण उघडून पेटी किंचित मागे कलवा: झाकणाच्या वजनाने ती उलटते का? आणि कड्या उघडताना किती मोठा खटका होतो? शांत हॉलमध्ये तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

४. थर लावा: शेवटचा खेळ तळाशी

पेटी भरायची ती उलट्या क्रमाने. शेवटच्या खेळाचं साहित्य सगळ्यात खाली, पहिल्याचं सगळ्यात वर. एका खेळाचं सगळं साहित्य, मार्करपासून गिमिकपर्यंत, एकाच थैलीत किंवा एकाच ट्रेमध्ये. थैलीला क्रमांकाची टिकली लावा: १, २, ३. थैलीवर गिमिकचं नाव कधीही लिहू नका. पेटीपाशी येऊन डोकावणारा माणूस आधी लेबलं वाचतो.

दोन खेळांना एकच वस्तू लागत असेल, उदाहरणार्थ कात्री, तर शक्यतो दोन घ्या. ते शक्य नसेल तर ती वस्तू थैलीत न ठेवता पेटीच्या ठरलेल्या एका कोपऱ्यात मोकळी ठेवा. ‘दुसऱ्या खेळाच्या थैलीतून काढून पाचव्याला वापरू’ हा बेत प्रयोगात हमखास विसरला जातो.

फोम कापण्याची पद्धत अशी. वस्तू जाड कागदावर ठेवून बाह्यरेषा काढा, कागदाचा साचा कापा, साचा काळ्या फोमवर ठेवून रेषेच्या १ ते २ मि.मी. आतून कापा. खाच थोडी तंग राहिली की वस्तू हलत नाही. पातं एका दमात आरपार दाबलं तर खालची कड तिरकी जाते. दोन-तीन फेऱ्यांत हळूहळू खोल जा. प्रत्येक खाचेला एका बाजूने साधारण अडीच सेंटिमीटरचं अर्धगोल ठेवा, बोट घालून वस्तू उचलायला. हे अर्धगोल विसरलात तर पेटी उपडी केल्याशिवाय कप निघायचे नाहीत.

कापलेला काळा फोम भडक रंगाच्या थरावर बसवा. आता एखादी वस्तू जागेवर नसली की तिच्या आकाराचा लाल किंवा पिवळा खड्डा दिसतो. यादी न वाचताही नजर तिथे जाते.

फोम घेताना बंद छिद्रांचा, म्हणजे पॉलिइथिलीन किंवा ईव्हीए प्रकारचा घ्या. गादीत असतो तसला मऊ स्पंज काही वर्षांत भुसभुशीत होतो आणि त्याची पूड रुमालांना, नाण्यांना चिकटत बसते.

५. एकेक वस्तू कशी बांधावी

पत्ते. साधारण ६३ × ८८ मि.मी. आकाराचा कॅट त्याच्या खोक्यात, खोकं फोमच्या खाचेत. रबरबँड लावू नका, कडांना खाचा पडतात. मोकळा कॅट न्यायचा असेल तर धातूची क्लिप वापरा. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे साधा कॅट आणि खास कॅट यांची अदलाबदल. दोन्हींची पाठ एकाच छापाची, एकाच रंगाची असायला हवी (एकाच कंपनीच्या निरनिराळ्या छपायांतही रंगाची छटा किंचित बदलते, म्हणून शेजारी ठेवून उजेडात ताडून पाहा), आणि म्हणूनच बंद खोकी ओळखू येत नाहीत. खोक्याच्या झाकणावर, वरून दिसेल असा पेन्सिलीचा बारीक ठिपका द्या आणि दोन्ही कॅट वेगवेगळ्या थरांत ठेवा. ठिपका तळावर देऊ नका; खोकं उभं ठेवलं की तो दिसत नाही.

रुमाल. रेशमी रुमाल ४५ किंवा ६० सें.मी. चौरस असतात. किंचित ओलसर असताना मंद इस्त्री, मग पूर्ण वाळल्यावर घडी. घडी पंख्यासारखी चुण्या घालून करा म्हणजे रुमाल एका ओढीत मोकळा होतो, आणि जे टोक धरायचं ते घडीबाहेर बोटभर राहू द्या. झिपच्या पिशवीत एकेक वेगळा. फोमवर किंवा वेल्क्रोजवळ उघडा ठेवलात तर धागे ओढले जातात. प्रयोगाच्या आदल्या रात्री लहान जागेत कोंबून ठेवलेला रुमाल दुसऱ्या दिवशी सुरकुतलेला आणि अर्ध्या आकाराचा दिसतो; कोंबायचा तो पडदा उघडायच्या आधी, शेवटच्या अर्ध्या तासात.

दोरी. ८ ते १० मि.मी. जाडीची मऊ सुती दोरी. आत कडक गाभा असेल तर तो ओढून काढा, नाहीतर गाठ नीट बसत नाही. टोकं पांढऱ्या गोंदात बुडवून वाळवली की उसवत नाहीत. कोपरावर गुंडाळली तर दोरीला पीळ बसतो आणि ती लोकांसमोर नागासारखी वळवळते. हातावर इंग्रजी आठच्या आकारात घ्या आणि मध्ये सैल फीत बांधा. कापण्याचा खेळ असेल तर एका प्रयोगाला लागणारी लांबी आधीच मोजून, कापून, एकेक वेगळी ठेवा. मोठं रीळ पेटीत नको.

कड्या (म्हणजे खेळातल्या धातूच्या रिंगा, पेटीच्या कड्या नव्हेत). त्यांना एकमेकींवर आपटून चरे पडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे थैली उचलताच खणखणतात. दोन कड्यांमध्ये कापडाची एक घडी येईल अशी लांब थैली शिवून घ्या. ज्या क्रमाने आणि ज्या दिशेने हातात यायला हव्यात त्याच क्रमाने, त्याच दिशेने आत घाला. थैलीच्या बाहेर एका बाजूला खूण करा म्हणजे ती उलटी ठेवली जाणार नाही.

नाणी. सुटी नाणी वाजतात आणि प्रेक्षकांना मोजताही येतात. छोट्या बटव्यात, दर दोन नाण्यांत चामड्याचा किंवा जाड कापडाचा तुकडा. खास नाणी पातळ धातूची असतात आणि खिशात दाब आला तरी वाकतात. ती कडक डबीतच. वाकलेलं नाणं ठोकून सरळ करायचा प्रयत्न वाया जातो.

स्पंजचे चेंडू. दाबून ठेवू नका, चपटे होतात. मोठ्या पिशवीत सैल. मळले तर कोमट पाणी आणि सौम्य साबण, पिळून न काढता टॉवेलात दाबून सावलीत वाळवा. हाताळताना स्पंजचे कण बोटांना लागू लागले की नवा संच घ्या.

चुंबक असलेली गिमिकं. एका पेटीत दोन चुंबकी वस्तू असतील तर त्या शोधत एकमेकींकडे जातातच. मध्ये किमान १० सें.मी. अंतर किंवा प्रत्येकी कडक डबी. पोलादी कड्या, घड्याळ, चुंबकी पट्टीची कार्डं यांपासून लांब. उन्हात उभ्या बंद गाडीत पेटी ठेवलीत तर चुंबकाला सहसा काही होत नाही (साधं निओडिमियम चुंबक साधारण ८० अंश सेल्सिअसनंतर शक्ती गमावू लागतं), पण ते बसवलेला गोंद सुटतो. मेण वितळतं, रबरी आणि लॅटेक्सच्या वस्तू चिकट होतात. तेव्हा पेटी गाडीत ठेवायची नाही.

मऊ व्हिनाइलची गिमिकं. ही कडक प्लास्टिकच्या डबीला महिनोन्‌महिने टेकून राहिली तर व्हिनाइलमधला मऊपणा आणणारा द्रव डबीत उतरतो. डबी चिकट होते आणि गिमिक तिला बिलगून बसतं. सुती कापडात गुंडाळून ठेवा.

बारीक धागा, इलॅस्टिक. कार्डावर गुंडाळून, कार्ड पाकिटात. उष्णतेने आणि काळाने इलॅस्टिक मरतं. वापरायचा एक, राखीव तीन असा हिशेब ठेवा आणि कार्डावर बदलल्याची तारीख लिहा.

मार्कर. एकाच रंगाचे, एकाच जाडीचे दोन. आडवे ठेवा. प्रत्येक प्रयोगाआधी पत्त्यावरच चालवून पाहा, कागदावर नाही; पत्त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि कागदावर छान उमटणारा मार्कर तिथे दगा देतो. शाई किती सेकंदांत वाळते तेही मोजा, नाहीतर सही बोटावर येते.

बॅटरीवर चालणारं काहीही. काम नसताना बॅटरी काढून वेगळी. राहिली तर आतून गळते आणि संपर्कपट्ट्या खाते. पेटीत चुकून बटण दाबलं जाऊ नये म्हणून बटणावर कापडी टेपचा तुकडा.

आगीचं साहित्य मुद्दाम यादीत नाही. झटक्यात पेटणारा कागद हा नायट्रोसेल्युलोज असतो. कोरडा असताना ठिणगी किंवा जास्त उष्णता त्याला पुरते. जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकेपर्यंत तो पेटीत नको.

६. खिशांचा नकाशा

तुमचे खिसे हा पेटीचाच भाग आहे. माणसाची बाह्यरेषा काढा, प्रत्येक खिशाला नाव द्या आणि त्यात काय, हे लिहा. एका खिशात एकच काम: किंवा तिथून काही काढायचं, किंवा तिथे काही टाकायचं (मार्करसारखी एकटी वस्तू तिच्याच खिशात परत गेली तर चालतं). दोन्ही कामं एकाच खिशाला दिलीत तर टाकलेली वस्तू काढायच्या वस्तूवर बसते आणि हात आत चाचपडत राहतो. लोकांना तो चाचपडणारा हात दिसतोच.

मोबाइल, किल्ल्या, पाकीट, सुटे पैसे प्रयोगाआधी कपड्यांतून काढून एका झिपच्या पिशवीत, आणि ती पिशवी विश्वासातल्या माणसाकडे. सराव नेहमी प्रयोगाच्याच कपड्यांत. खिशाची खोली आणि तोंडाचा तिरकेपणा शिवणीगणिक बदलतो, आणि घरच्या पायजम्यात बसलेला खेळ कोटात अडखळतो.

टेबलाटेबलावर जाऊन खेळ करणाऱ्यांना पेटी जवळ मिळतच नाही, त्यांचं सगळं खिशांवर. तीन ते पाच खेळ, सगळे हातातल्या हातात पुन्हा लागणारे, आणि भेट द्यायच्या वस्तूंचा राखीव साठा एका छोट्या बॅगेत, दर तिसऱ्या-चौथ्या टेबलानंतर भरून घ्यायला. त्यापेक्षा जास्त नको.

७. वापरून झालेलं जिथे पडेल ती जागा

पेटीत किंवा टेबलामागे रुंद तोंडाची एक पिशवी कायम उघडी ठेवा, तोंड किमान २० × २५ सें.मी. आतून मऊ कापड, म्हणजे नाणं टाकलं तरी आवाज येत नाही. तिचं तोंड उघडं राहावं म्हणून काठात जाड तार शिवा. न पाहता हात तिथे गेला पाहिजे. याचा सराव वेगळा करा, बोलता बोलता टाकायचा. पिशवीच्या तोंडाला वेल्क्रो नको. शांततेत वेल्क्रो उचकटला की सगळ्यांच्या नजरा त्या आवाजाकडे वळतात.

आता एक कडक नियम. प्रेक्षकाकडून मागून घेतलेली वस्तू, मग ती अंगठी असो, घड्याळ असो वा नोट, या पिशवीत कधीही जाणार नाही. तिच्यासाठी झिपचा एक खिसा राखून ठेवा, ज्यात दुसरं काहीही नसेल. वस्तू परत दिली की झिप उघडी सोडा. प्रयोग संपताना झिप बंद असेल तर काहीतरी द्यायचं राहिलं आहे.

८. दुरुस्तीची पिशवी

हिचा आकार तळहाताएवढा पुरतो. आत: कापडी टेपचा छोटा गुंडाळा (साधी पारदर्शक टेप चकाकते आणि आवाज करते), दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, सुई आणि काळा-पांढरा दोरा, सेफ्टी पिना ६, छोटी कात्री, चिमटा, छोटा स्क्रूड्रायव्हर, झटपट चिकटणारा गोंद झिपच्या पिशवीत, मेण, चष्म्याचं कापड, आणि तुमच्या यंत्रांना लागतील त्या प्रत्येक प्रकारच्या बॅटऱ्या. वापरलेली वस्तू त्याच रात्री भरा. ही पिशवी प्रयोगाच्या थैल्यांत मिसळू नका.

९. तीन याद्या

घरून निघतानाची, ठिकाणी मांडल्यावरची, आणि परत भरतानाची. तिन्ही वेगळ्या, कारण तिन्ही वेळा वस्तूंच्या जागा वेगळ्या असतात. घरची यादी नग मोजते: ‘थैली ३: रुमाल ४, दोरी २, कात्री १’. मांडणीची यादी स्थिती तपासते: ‘कॅटचं तोंड कोणीकडे, कोटाचा डावा खिसा, माइकची बॅटरी’. परतीची यादी पुन्हा नग मोजते. झाकणाच्या आतल्या बाजूला जाड कार्डावर लावा, पण गिमिकांची नावं तिथेही सांकेतिकच.

यादी वाचताना प्रत्येक वस्तूला हात लावा. ‘दिसतंय की’ म्हणून पुढे गेलात की रिकामं खोकंही भरलेलं वाटतं. मध्येच कोणी बोलायला आलं तर ती थैली पहिल्यापासून तपासा. अर्धवट राहिलेल्या ओळीवरून पुढे जाणं हा सर्वात जुना सापळा आहे.

खर्च होणाऱ्या वस्तूंसाठी हिशेब सोपा: एका प्रयोगाला लागतात त्याच्या दुप्पट, अधिक एक.

व्यवस्थित लावलेल्या प्रत्येक ट्रेचा वरून फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. मदतनीसाला पेटी भरायला लावण्याची वेळ आली तर दहा मिनिटं समजावण्यापेक्षा हा फोटो बरा. फक्त तो कुठे पाठवला जाणार नाही याची खात्री करा.

१०. ठिकाणी पोचल्यावर

पेटी कुठे ठेवायची हे आधी ठरवा, टेबल नंतर. झाकणाची बिजागरी प्रेक्षकांकडे, म्हणजे उघडलेलं झाकणच पडदा होतं. नंतर स्वतः जाऊन पहिल्या रांगेतल्या डाव्या टोकाच्या खुर्चीत बसा, मग उजव्या टोकाच्या, मग मागे उभे राहा. वर बाल्कनी असेल तर तिथूनही पाहा. तुमच्या पाठीमागे काचेचं दार, खिडकी किंवा आरसा असेल तर पेटीचं पोट सगळ्यांना दिसतं. जागा बदलता आली नाही तर पेटीवर गडद रंगाचं कापड टाका आणि फक्त हात आत जाईल एवढंच उघडं ठेवा.

मांडून झाल्यावर प्रयोग सुरू होईपर्यंत पेटीला कुलूप. प्रयोग संपला की पहिलं काम पुन्हा कुलूप. फोटो, गप्पा, अभिनंदन नंतर. लहान मुलं नेमकी याच पाच मिनिटांत येतात.

११. पेटीची परीक्षा

घरी करा. सगळं भरा, बंद करा, उचलून दोन्ही बाजूंना कलवा, हलवा आणि कान लावून ऐका. जे वाजतं ते सैल आहे. उघडून पाहा: काय सरकलं, काय उलटं झालं, कोणत्या रुमालाचं टोक घडीत गेलं. मग दिवे मंद करून पूर्ण प्रयोग पेटीसकट करा, खेळाचं बोलणंही मोठ्याने. एखादी वस्तू काढायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागत असेल तर तिची जागा चुकली आहे. शेवटी घड्याळ लावा: पूर्ण मांडणी १५ ते २० मिनिटांत, लागोपाठच्या दुसऱ्या प्रयोगासाठी पुन्हा लावणं १० मिनिटांच्या आत. जास्त लागतंय? तर बहुतेक वेळा एकच किचकट खेळ अर्धा वेळ खात असतो. त्याचं साहित्य दोन संचांत करा, किंवा लागोपाठच्या प्रयोगांत तो खेळ गाळा.

१२. प्रवासात

विमानाने जात असाल तर पेटी दोन भागांत वाटा. ज्यांच्याशिवाय प्रयोग होणारच नाही अशा वस्तू हातातल्या बॅगेत, बाकी मोठ्या सामानात. सामान हरवलं तरी किमान २० मिनिटं उभं राहता आलं पाहिजे. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्याच बॅगेत, टोकांना टेप लावून. कात्री, पाती, टोकदार वस्तू मोठ्या सामानात. झटपट पेटणारा कागद किंवा कापूस दोन्हीकडे चालत नाही. बाकी नियम विमान कंपनीगणिक बदलतात, ते तिकिटाबरोबर तपासा.

नाण्यांचा गठ्ठा, कड्या, तारा जोडलेलं छोटं यंत्र तपासणीत ठळक दिसतं आणि बॅग उघडली जाण्याची शक्यता असते. अशा वस्तू वरच्या बाजूला, एका थैलीत ठेवा, म्हणजे तपासणाऱ्याला सगळी पेटी उपसावी लागणार नाही. रांगेत सगळ्यांसमोर न दाखवता बाजूला तपासा अशी विनंती करता येते. विचारलं तर ‘जादूच्या प्रयोगाचं साहित्य आहे’ एवढं सरळ उत्तर द्या. तिथे विनोद करू नका, आणि खेळ तर मुळीच करून दाखवू नका.

१३. परत आल्यावर, त्याच रात्री

घामाने ओले झालेले रुमाल आणि पत्ते तसेच बंद ठेवले तर रुमालाला डाग पडतात आणि पत्ते वाकतात. परतीची पिशवी रिकामी करा, रुमाल पसरून वाळवा, तांब्या-पितळेचे कप आणि कड्या कोरड्या कापडाने पुसा. संपलेल्या वस्तूंची नोंद यादीच्या मागे करा. मोडलेली वस्तू दुरुस्त होईपर्यंत तिच्या जागेवर परत ठेवू नका. रिकामा भडक खड्डा पुढच्या वेळी आठवण देईल.

सिलिका जेल रंग बदलणारं घेतलंत तर ते ओलावा पिऊन झालं की कळतं. सुटे दाणे साधारण १२० अंशांवर एक-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. कागदी पुड्या तशा तापवू नका, नव्या घ्या. पेटी महिनाभर वापरली गेली नाही तरी एकदा उघडून हवा लागू द्या, इलॅस्टिक ओढून पाहा, मार्करची टोपी तपासा आणि बॅटऱ्या यंत्रांबाहेरच आहेत ना ते बघा.